दोन पट्टे

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोरवा गाव आहे. तिथे एका काकांची पिठाची गिरणी होती. हाताखाली दोघे जण, काकांचा मुलगा आणि पुतण्या. मुलगा गल्ल्यावर बसे. पुतण्या गोणी उचली, दळण टाकी, डबे भरी आणि रात्री गिरणी झाडून मगच जेवायला जाई.

मोटरपासून जात्यापर्यंत दोन रबरी पट्टे होते. पुलीवर शेजारी शेजारी दोन खाचा, एकेका खाचेत एकेक पट्टा. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने लोखंड लवकर गंजते आणि गंजलेली खाच पट्टा खाते. म्हणून काका दर महिन्याला मेन स्विच बंद करून खाचा पुसत, पट्टे बोटांनी उलटून बघत. आतून भेगा पडल्यात का, कडा काचेसारख्या चकाकतात का. पट्टा खाचेच्या भिंतींना कडांनी धरून चालतो. घसरू लागला की त्या कडा चकाकतात.

एकदा ऐन लग्नसराईत काका तापाने झोपले. हळदीच्या भाकऱ्यांसाठी तांदळाच्या गोणी भिंतीला लागल्या होत्या, आणि सकाळीच एक पट्टा तुटला.

“दुसरा चांगला आहे की,” मुलगा म्हणाला. “एकच आण.”

पुतण्या भाईंदरला गेला आणि जुन्या पट्ट्यावरचा नंबर दाखवून तसाच एक घेऊन आला. मोटरचे बोल्ट सैल करून त्याने तो बसवला, मोटर मागे ओढून बोल्ट आवळले. गिरणी सुरू झाली. दुपारी जळक्या रबराचा वास येऊ लागला. दिवेलागणीला नवाच पट्टा फाटून भिंतीवर आदळला.

“दुकानदाराने खराब माल दिला,” मुलगा म्हणाला.

काका चादर पांघरून आले. कुणाला काही बोलले नाहीत. स्विच बंद आहे याची खात्री केली आणि जुन्या पट्ट्याखाली बोट घातले. तो झोळीसारखा लोंबला.

“वापरून वापरून पट्टा ताणतो,” ते म्हणाले. “नव्याला ताण बसला तेव्हा हा सैलच राहिला. हा दिवसभर नुसता फिरला, जातं एकट्या नव्यानं ओढलं. पट्टे बदलायचे ते जोडीनं.”

रात्रीच दोन नवे पट्टे आले. काकांनी ते बसवून घेतले, अर्धा तास गिरणी चालवली, बंद केली आणि पुन्हा ताण बघितला. नवा पट्टा खाचेत बसला की थोडा सैल पडतोच. मग दोन्ही पट्ट्यांवर अंगठा दाबला. दोन्ही सारखेच दबले.

तुटलेल्या पट्ट्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. सैल पट्टा जागेवर असतो, फिरतही असतो, म्हणून त्याला कोणी काही विचारत नाही. घरातही असेच होते. खचला त्यालाच आपण कच्चा म्हणतो.

काका बराच वेळ पुतण्याच्या खांद्याकडे बघत राहिले. गोणीच्या काथ्याने तिथली कातडी सोलवटली होती. मग त्यांनी गल्ल्याची किल्ली मुलाकडून मागून घेतली आणि स्वतः स्टुलावर बसले.

“जा,” ते मुलाला म्हणाले, “पलीकडचं टोक धर.”

पहिली गोणी दोघांनी मिळून उचलली.