मावशींचा खाडा आणि माझा ताप



आजचं वाचन : गीता, अध्याय ३, श्लोक २१. भाव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसे बाकीचे वागतात. तो जे प्रमाण मानतो, त्याच्या मागे लोक जातात. आजवर हा श्लोक वाचताना माझ्या डोळ्यांसमोर पुढारी यायचे, खेळाडू यायचे, फार तर ऑफिसातले साहेब. 'श्रेष्ठ' म्हणजे कुणीतरी दुसरा. या वेळी मात्र आमच्या फ्रिजवरचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आलं.

सांगतो.

आम्ही तिघं मित्र पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. स्वयंपाक आणि भांड्यांना मावशी येतात. पगार ४५०० रुपये, तिघांत १५००-१५००. महिन्याला दोन सुट्ट्या चालतात, त्यापुढे खाडा. एका दिवसाचे १५० रुपये कापायचे. आजारी असतील तर मात्र कापायचे नाहीत. हा नियम करताना आम्ही स्वतःला फार उदार समजलो होतो. खाडे लिहिण्याचं काम माझ्याकडे.

गेल्या महिन्यात तिसरी सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, "दादा, ताप होता." मी काही लिहिलं नाही. संध्याकाळी वॉचमनकाका, जे त्यांच्याच वस्तीत राहतात, सहज बोलून गेले की मावशी काल मुलीच्या कॉलेजसाठी उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत होत्या. मला राग आला. १५० रुपयांचा नाही हो, खोटं बोलल्याचा! लाल पेनाने खाडा लिहिला आणि सकाळी विचारलं, "मावशी, खरं का नाही सांगितलं?"

त्या भांडी घासता घासताच म्हणाल्या, "खरं सांगितलं असतं तर कापलं असतं ना, दादा?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि त्याच क्षणी आदल्या शुक्रवारची आठवण झाली. त्या दिवशी मीसुद्धा 'ताप आहे' असा मेसेज टाकला होता. आमच्या लीडला. आणि राजमाचीला गेलो होतो.

माझा पगार कापला गेला नाही. कुणी वॉचमनला विचारलं नाही. उलट लीडने 'काळजी घे' म्हणून लिहिलं. आता नीट बघा. मी खरं सांगितलं असतं तरी माझं काही जाणार नव्हतं, रजा शिल्लक होत्या. फक्त आगाऊ मागायचा कंटाळा. मावशींना मात्र खरं बोलायची किंमत होती एका दिवसाची मजुरी, आणि खोटं बोलणं फुकट होतं. हा भाव कुणी ठरवला? मी! माझ्या नियमानेच माझ्या घरात खोटं स्वस्त आणि खरं महाग केलं होतं. श्लोकातलं 'प्रमाण' म्हणजे हेच असावं. आपण भाषण देऊन प्रमाण घालत नाही, नियम करून घालतो.

मग गरिबाचं खोटं माफ का? नाही. असं म्हणणं म्हणजे 'त्यांच्याकडून काय अपेक्षा करायची' असं म्हणण्यासारखं आहे, आणि तो अपमान आहे. याच मावशींनी एकदा माझ्या पँटच्या खिशातली ५०० ची नोट टेबलावर काढून ठेवली होती. ती गोष्ट मी आठवडाभर कौतुकाने सगळ्यांना सांगत होतो. मी कुणाची नोट परत केली असती तर कुणाला नवल वाटलं असतं का? म्हणजे माझा प्रामाणिकपणा आम्ही गृहीत धरतो आणि त्यांचा तपासतो. खरं तर त्या ५०० रुपयांचा मोह कुणाला जास्त जड गेला असेल?

इथे मला तुकोबा आठवतात. ते गरीब होते असं आपण म्हणतो, पण त्यांचं घर देहूतलं वाण्या-सावकाराचं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात सगळं गेलं, पहिली पत्नी गेली. लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं तेवढी उरली. परंपरा सांगते की तुकोबांनी ती इंद्रायणीत बुडवली. पण सगळी नाही. धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा वाटा त्याला देऊन टाकला आणि फक्त आपला अर्धा बुडवला. मला यातली दुसरी गोष्ट जास्त भावते. दुसऱ्याच्या पैशावर त्यांनी पुण्य केलं नाही. कर्जदारांना 'तुम्ही पात्र आहात का' असंही विचारलं नाही. आपल्या हातात कागद आहे, एवढंच पाहिलं.

माझ्या हातातला कागद म्हणजे ते कॅलेंडर. पण त्यातला माझा वाटा तिसराच. म्हणून मी माझे ५० रुपये परत दिले आणि दोघांना सगळं सांगितलं, राजमाचीसकट. एकाने लगेच ५० काढले. दुसरा म्हणाला, "नियम म्हणजे नियम. उद्या रोज दांड्या मारतील." त्याच्यावर मी चिडलो नाही, कारण परवापर्यंत मीही तोच होतो. मावशींना १०० मिळाले, ५० कापलेच गेले. महिन्याला चार सुट्ट्या, कारण न विचारता, असा नवा नियम मी सुचवला आहे. तो अजून विचार करतोय.

आणि लीडला मी अजून खरं सांगितलेलं नाही. तो कागद माझ्या एकट्याचा आहे, त्यात कुणाचा वाटा नाही, तरी अजून खिशातच आहे. सोमवारी सांगणार आहे. इथे लिहिलं म्हणजे आता मागे फिरता येणार नाही.

आजचा अभ्यास : आपल्या घरात, आपल्या हाताखाली, खरं बोलायला कुणाला किती पैसे पडतात? एकदा हिशोब करून बघा.

राम कृष्ण हरि.