नारळ मिळालेले सेनापती

फील्ड मार्शल गर्ड फॉन रुंडश्टेट याला हिटलरने चार वर्षांत तीनदा घरी बसवलं. डिसेंबर १९४१ मध्ये रोस्तोव्हहून मागे हटतो म्हणाला म्हणून, जुलै १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या दोस्तांना परत समुद्रात लोटता आलं नाही म्हणून आणि मार्च १९४५ मध्ये ऱ्हाइनवरचा रेमागेनचा पूल अमेरिकनांना धडधाकट सापडला म्हणून. पहिल्या दोन्ही वेळा त्याला सन्मानाने परत बोलावण्यात आलं. पहिल्या गच्छंतीनंतर दोन आठवड्यांच्या आतच त्याचा वाढदिवस होता. त्या निमित्ताने हिटलरकडून त्याला अडीच लाखांहून जास्त मार्कांची भेट मिळाली. आणि त्याच्या जागी आलेल्या राइखेनाउने येताच काय केलं? रुंडश्टेटला हवी होती तीच, मिउस नदीपर्यंतची माघार. ती मंजूरही हिटलरनेच केली.

म्हणजे माघार चुकीची नव्हती. ती मागण्याची पद्धत आणि मागणारा माणूस खटकला होता.

जर्मन लष्कराबद्दल आपल्याकडे एक भाबडा आदर आहे. तिथे शिस्त होती, गुणाला मान होता, कामात कुचराई करणाऱ्याची गय केली जात नव्हती, वगैरे. युद्धकथा वाचून वाढलेल्या दोन पिढ्यांनी तो मनापासून जपला आहे. पण एखाद्या संस्थेची पारख करायची तर बढत्यांची यादी फारशी कामाची नसते. कुणाला काढलं, कशासाठी काढलं आणि कशासाठी कुणालाच काढलं नाही, हे पाहावं. जर्मन सेनापतींच्या बाबतीत हा हिशेब मांडला की आदराचा बराचसा रंग उडतो.

सुरुवात १९१४ पासून करावी लागते, कारण त्या वेळी ही व्यवस्था अजून जुन्या प्रशियन वळणाची होती. पूर्व प्रशियात आठव्या आर्मीचा प्रमुख माक्स फॉन प्रिटविट्झ होता. २० ऑगस्टला गुंबिनेनची लढाई फसली आणि दक्षिणेकडून दुसरी रशियन आर्मी येत असल्याची खबर आली. त्या संध्याकाळी प्रिटविट्झने कोब्लेन्झच्या मुख्यालयाला फोन लावून सरसेनापती धाकट्या मोल्टकेला सांगितलं, की आपण विस्चुला नदीच्या मागे जाणार आणि तिथेही टिकाव लागेल याची खात्री नाही. फोन ठेवल्यावर त्याच्या कचेरीतल्या अधिकाऱ्यांनी, विशेषतः माक्स हॉफमान याने, त्याची समजूत काढली. सैन्य रेल्वेने दक्षिणेला वळवून सामसोनोव्हच्या त्या दुसऱ्या रशियन आर्मीवर घालायचं ठरलं. प्रिटविट्झला ते पटलं, हुकूमही सुटू लागले. फक्त आपला विचार बदलल्याचं कोब्लेन्झला कळवायचं राहून गेलं. मोल्टकेने दरम्यान खालच्या कोअर-प्रमुखांना परस्पर फोन केले, माघारीची गरज नसल्याचं त्यांच्याकडून ऐकलं आणि प्रिटविट्झला त्याच्या चीफ ऑफ स्टाफसकट नारळ दिला.

त्याच्या जागी नेमला तो १९११ मध्येच निवृत्त झालेला सहासष्ट वर्षांचा हिंडेनबुर्ग. २३ ऑगस्टच्या पहाटे त्याचा नवा चीफ ऑफ स्टाफ लुडेनडॉर्फ याला घेऊन निघालेली खास गाडी हानोव्हर स्टेशनात थांबली, तेव्हा म्हातारा जुना निळा गणवेश घालून फलाटावर उभा होता. नव्या करड्या रंगाचा गणवेश त्याच्याकडे नव्हताच. हे दोघे पोहोचले तेव्हा हॉफमानने आखलेल्या हालचाली सुरू झाल्या होत्या. आठवडाभरात टानेनबर्गचा विजय मिळाला आणि हिंडेनबुर्ग राष्ट्राचा तारणहार ठरला. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि ३० जानेवारी १९३३ ला त्यानेच हिटलरला चान्सलर नेमलं. एका सेनापतीची उचलबांगडी इतिहासात किती लांबवर जाते, त्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

तरी प्रिटविट्झला काढणं समजण्याजोगं होतं. संकटात त्याचं अवसान गळालं होतं आणि वरिष्ठांना त्याचा भरवसा उरला नव्हता. महिन्याभरातच मोल्टकेवरही तीच पाळी आली. मार्नवर डाव फसल्यावर १४ सप्टेंबरला त्याला आजारी असल्याचं कळवायला लावलं आणि सूत्रं फाल्केनहाइनकडे गेली. पण लोकांना पराभवाचा वास येऊ नये म्हणून मोल्टकेला मुख्यालयातच नुसता बसवून ठेवला. बातमी जाहीर झाली ती नोव्हेंबरात. समोरच्या बाजूला फ्रान्सचा जॉफ्र त्याच काळात डझनांनी सेनापती काढत होता. जर्मनांची रीत मात्र तब्येतीचं कारण पुढे करण्याची होती. शिवाय तिथे कमांडर अनेकदा राजघराण्यातला किंवा मानकरी असे आणि खरं काम त्याचा चीफ ऑफ स्टाफ करी. त्यामुळे शिक्षाही त्यालाच होई. १९१६ मध्ये सोमवर दुसऱ्या आर्मीने जमीन सोडली, तेव्हा फाल्केनहाइनने आर्मीप्रमुख बेलोला हात लावला नाही, त्याच्या चीफ ऑफ स्टाफला, ग्र्यूनर्टला हटवलं. त्याच वर्षी ऑगस्टअखेर व्हर्दँच्या रक्तपातानंतर खुद्द फाल्केनहाइनचीही गच्छंती झाली. पण त्याला एका आर्मीची कमान देऊन रुमानियाच्या आघाडीवर पाठवलं आणि डिसेंबरात जर्मन फौजा बुखारेस्टमध्ये शिरल्या. वरच्या खुर्चीत न शोभलेला माणूस खालच्या खुर्चीत उत्तम चालू शकतो, हे त्या जुन्या व्यवस्थेला कळत होतं. तेवढं श्रेय तिला द्यायला हवं.

१९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर हे सगळं बदललं. १ डिसेंबरला रुंडश्टेट गेला, १८ ला बॉक आजारपणाच्या नावाखाली, १९ ला भूसेनेचा सरसेनापती ब्राउखिच. त्या दिवसापासून हिटलर स्वतःच भूसेनेचा सरसेनापती झाला. नाताळात पान्झर सेनापती गुडेरियनला काढलं, जानेवारीत लेबने स्वतःच मुक्त करण्याची विनंती केली. रशियावर चालून गेलेल्या तिन्ही आर्मी ग्रुपचे प्रमुख दोन महिन्यांच्या आत बदलले. एक पाऊलही मागे घ्यायचं नाही, हा हुकूम सुटला होता आणि यापुढे सेनापतीची लायकी तेवढ्याच एका मापाने मोजली जाणार होती.

होप्नरची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. चौथ्या पान्झर आर्मीच्या या प्रमुखाने ८ जानेवारी १९४२ ला वेढ्यात सापडू पाहणारी एक कोअर परवानगीची वाट न पाहता मागे घेतली. हिटलरने त्याला नुसतं काढलं नाही. पेन्शन बंद, पदकं जप्त, गणवेश घालायलाही बंदी. पण कायद्याने असं परस्पर करता येत नव्हतं. होप्नरने पेन्शनसाठी चक्क सरकारवर दावा लावला आणि जिंकला. हिटलरशाहीत हे घडू शकत होतं यावर विश्वास बसत नाही. २६ एप्रिल १९४२ ला राइशस्टागने ठराव केला, की कोणाही अधिकाऱ्याला, न्यायाधीशाला वा सैनिकाला कायद्याच्या चौकटीबाहेर जाऊन काढण्याचा अधिकार फ्यूररला आहे. त्यानंतर ते सभागृह पुन्हा भरलं नाही. २० जुलै १९४४ ला हाच होप्नर बर्लिनमध्ये हिटलरला मारू पाहणाऱ्या कटवाल्यांच्या कचेरीत आला, तो साध्या कपड्यांत, हातात सुटकेस घेऊन. सुटकेसमध्ये बंदी घातलेला गणवेश होता. तिथल्या स्वच्छतागृहात त्याने तो चढवला. ८ ऑगस्टला त्याला प्ल्योट्झेनझेच्या तुरुंगात फाशी दिली.

मात्र होप्नरला हुतात्मा करण्याची घाई नको. रशियावर हल्ला होण्याआधी, मे १९४१ मध्ये, त्याने आपल्या पान्झर ग्रुपला जो आदेश काढला त्यात हे युद्ध अभूतपूर्व कठोरपणे लढायचं आणि शत्रू म्हणजे ‘ज्यू बोल्शेविझम’ असल्याचं स्पष्ट म्हटलं होतं. त्याबद्दल त्याला कुणी जाब विचारला नाही.

त्याच हिवाळ्यात क्रिमियात काउंट स्पोनेकने केर्चच्या द्वीपकल्पातून आपली एकुलती एक डिव्हिजन मागे घेतली. रशियन फौजा मागच्या बाजूला उतरत होत्या आणि डिव्हिजन कापली जाणार हे दिसत होतं. माघारीचा हुकूम देऊन त्याने रेडिओ संच आवरायला सांगितले, म्हणजे उलट हुकूम आला तरी ऐकू येणार नाही. तिथल्या आर्मीचा प्रमुख मॅनस्टाइन याने त्याला ताबडतोब हटवलं. ग्योरिंगच्या अध्यक्षतेखालच्या कोर्टमार्शलने मृत्युदंड दिला, हिटलरने तो सहा वर्षांच्या किल्लेकैदेवर आणला, आणि २० जुलैच्या कटाशी काडीचा संबंध नसताना तीन दिवसांनी त्याला गेर्मर्सहाइममध्ये गोळ्या घातल्या. हाच मॅनस्टाइन पुढे वर्षभराहून जास्त काळ हिटलरकडे माघारीची परवानगी मागत राहिला आणि मार्च १९४४ च्या अखेरीस त्यापायीच गेला. पण त्याची पाठवणी थाटाची झाली. हिटलरने स्वतःचं विमान पाठवून त्याला आणवलं आणि नाइट्स क्रॉसवरच्या तलवारी बहाल करून निरोप दिला. एकाच अपराधाला एकाच्या पदरी गोळ्या आणि दुसऱ्याच्या पदरी पदक.

अपयशालाच शिक्षा होत होती असं म्हणावं तर फर्डिनांड हाइमकडे पाहावं. नोव्हेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडच्या बगलेवर रशियन लोंढा आला, तेव्हा तो अडवायला मागे राखलेली एकच पान्झर कोअर होती. तिचा प्रमुख हाइम. तिच्या बाविसाव्या डिव्हिजनचे रणगाडे पेट्रोलअभावी आठवडेच्या आठवडे गवताखाली झाकून उभे होते. त्या गवतातल्या उंदरांनी विजेच्या तारा कुरतडल्या आणि ऐन वेळी बरेच रणगाडे सुरूच होईनात. त्यात हुकूम आधी एका दिशेला जाण्याचा आला, मग दुसऱ्या. बळीचा बकरा तयारच होता. हाइमला हाकलून बर्लिनच्या मोआबिट तुरुंगात डांबलं. काही महिन्यांनी सोडलं आणि १९४४ मध्ये बुलोन्य बंदराचा किल्लेदार नेमलं. तिथे सप्टेंबरात तो कॅनडियनांना शरण गेला. याउलट स्टालिनग्राडमध्ये हुकमाचा ताबेदार राहून अख्खी सहावी आर्मी गमावणाऱ्या पाउलुसला शरणागतीच्या आदल्या दिवशी फील्ड मार्शल केलं. त्याने आत्महत्या करावी अशी त्यामागची अपेक्षा होती. ती मात्र त्याने पुरी केली नाही.

सगळ्यात बोलका मला बुश वाटतो. जून १९४४ मध्ये बेलारूसमधला रशियन हल्ला सुरू झाला, तेव्हा आर्मी ग्रुप सेंटरचा हा प्रमुख हिटलरचा शब्द न् शब्द पाळत होता. शहरांना किल्ले म्हणायचं आणि आत बसून मरायचं. हाताखालचे लोक माघारीची विनवणी करत होते, तो वरचा हुकूम वाचून दाखवत होता. आठवड्याच्या आत आघाडी कोसळली, काही आठवड्यांत सुमारे २८ डिव्हिजन संपल्या. हुकूम पाळला तरी नारळ चुकला नाही. पण १९४५ मध्ये त्याला वायव्य जर्मनीची कमान पुन्हा मिळाली. भूसेनेचा आणखी एक सेनापती, इटलीतला फीटिंगहोफ, एप्रिल १९४५ च्या शेवटच्या दिवशी पदावरून गेला, तो शरणागतीची बोलणी केल्याबद्दल. त्या महिन्याच्या ९ तारखेला सेनियो नदीच्या बांधावर मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी त्याच्याच फौजांशी लढताना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. फीटिंगहोफच्या बोलण्यांमुळे २ मे रोजी तिथली लढाई थांबली. त्या साऱ्या युद्धात जर्मन सेनापतीने केलेल्या शहाणपणाच्या मोजक्या कामांपैकी हे एक, आणि बक्षीस म्हणून खप्पामर्जी.

पैशाची बाजू फारशी सांगितली जात नाही. फील्ड मार्शलला पगाराव्यतिरिक्त दरमहा ४,००० मार्क करमुक्त मिळत, कर्नल-जनरलला २,०००. ते हिटलरच्या खास निधीतून येत आणि घरी बसवलं तरी बहुधा चालूच राहत. लेब आणि क्लुगे या फील्ड मार्शलना वाढदिवसाला अडीच-अडीच लाख मार्क मिळाले. गुडेरियनला १९४३ मध्ये पोलिश मालकांकडून बळकावलेली डायपेनहोफची जमीनदारी मिळाली. ज्याला आज काढलं त्याला उद्या बोलावायचं असेल, तर त्याचं तोंड बंद ठेवण्याचा हा सोपा मार्ग होता. आणि बहुतेकांनी ते बंद ठेवलं.

तोंडं उघडली ती युद्धानंतर. भूसेनेचा माजी चीफ ऑफ स्टाफ हाल्डर याने १९४९ मध्ये सेनानी म्हणून हिटलरवर पुस्तिका लिहिली, गुडेरियनच्या आठवणी १९५१ मध्ये आल्या, मॅनस्टाइनचं ‘हरवलेले विजय’ १९५५ मध्ये. सगळ्यांची गोष्ट एकच: आम्हाला युद्ध कळत होतं, त्या कॉर्पोरलला कळत नव्हतं, आणि आम्ही खरं बोललो म्हणून आम्हाला काढलं. नारळ हाच आता चारित्र्याचा दाखला झाला. अमेरिकन लष्कराला रशियाशी लढण्याचं ज्ञान हवं होतं, त्याने हाल्डरला वर्षानुवर्षं इतिहासलेखनाच्या कामावर ठेवलं. मॅनस्टाइनला हाम्बुर्गच्या ब्रिटिश कोर्टाने १९४९ मध्ये अठरा वर्षं दिली. १९५३ मध्ये तो बाहेर होता.

या दाखल्यावर एक रकाना कोराच आहे. फेब्रुवारी १९४२ पर्यंत जर्मनांच्या ताब्यातले सुमारे २० लाख सोव्हिएत युद्धकैदी भुकेने, थंडीने, रोगाने आणि गोळ्यांनी मेले होते. त्यांतल्या कितीतरी छावण्या थेट लष्कराच्या अखत्यारीत होत्या, त्या चालवणारे लोक याच सेनापतींच्या हाताखाली होते. त्याच हिवाळ्यात सेनापती पटापट निघत होते, पण यासाठी एकही नाही. उलट दिशेचं उदाहरण मात्र आहे. पोलंडमध्ये एसएसच्या अत्याचारांविरुद्ध लेखी तक्रारी करणारा ब्लास्कोविट्झ मे १९४० मध्ये तिथल्या पदावरून हटवला गेला आणि पुढे कधीच फील्ड मार्शल झाला नाही. आणि ऑगस्ट १९४४ मध्ये कटातल्या अधिकाऱ्यांना लष्करातून काढून फाशी देणाऱ्या कोर्टाच्या हवाली करण्यासाठी जे ‘सन्मान न्यायालय’ बसलं, त्याचा अध्यक्ष होता रुंडश्टेट, आणि सदस्यांत होता गुडेरियन. स्वतः नारळ मिळालेले दोघे.

ही आत्मचरित्रं इंग्रजीत सहज मिळतात आणि युद्धाचे डावपेच समजायला ती वाचावीतही. पण गच्छंतीच्या प्रकरणावर येण्याआधी १९४१ च्या जून ते डिसेंबरची पानं सावकाश वाचा, आणि त्यांत युद्धकैद्यांचा उल्लेख किती ओळींत उरकला आहे ते मोजा.