व्रत, इन्सुलिन आणि देहधर्म
उपवासात शरीर चरबी जाळते आणि रक्तात किटोन वाढतात. अशा उपवासाच्या दोन थोर परंपरा धाराशिव जिल्ह्यात नांदतात. एक तुळजापूरच्या नवरात्राची, दुसरी कुंथलगिरी या जैन तीर्थाची. तिथे आचार्य शांतिसागरांनी १९५५ मध्ये सल्लेखनेने, म्हणजे आमरण उपवासाच्या व्रताने, देह ठेवला.

निरोगी माणसात इन्सुलिन किटोनांना आवर घालते. मधुमेहात ते फारच अपुरे पडले की रक्तात आम्ल साचते, हाच किटोअ‍ॅसिडोसिस. उलट्या, पोटदुखी, खोल श्वास, श्वासाला फळासारखा वास आणि गुंगी ही त्याची लक्षणे. निदानाला तीन गोष्टी लागतात: मधुमेह किंवा २०० मिलिग्रॅमपासून पुढे साखर, रक्तातील किटोन किमान ३ मिलिमोल, आणि पीएच ७.३ पेक्षा किंवा बायकार्बोनेट १८ पेक्षा कमी. मधुमेहावरील ग्लिफ्लोझिन गटाची औषधे घेणाऱ्यांत साखर फारशी न वाढताही हा आजार होऊ शकतो.

मग इन्सुलिनने व्रत मोडते का? धर्मशास्त्राने पाणी, फळे, दूध यांच्याबरोबर औषधालाही व्रतभंगातून वगळले आहे. सल्लेखनाही जाणतेपणी, गुरूच्या अनुमतीनेच घेतात. न ओळखलेल्या आजाराचे मरण तप ठरत नाही. म्हणून मधुमेह असलेल्यांनी उपवासात इन्सुलिन स्वतःहून थांबवू नये आणि वरील लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.