अजून लाकडाचा झालो नाही

तिसऱ्यांदा स्पर्धा परीक्षा हुकली त्या रात्री मी आईला फोनवर सांगितलं, "मला काही वाटत नाहीये गं. हार-जीत चालायचीच." आवाज मुद्दाम सपाट ठेवला होता. मग पहाटेपर्यंत छताकडे बघत पडून राहिलो. मित्रांनाही तेच वाक्य ऐकवलं. "भारी आहेस, किती शांतपणे घेतलंस," असं एकजण म्हणाला, तेव्हा खोटं बोलूनही बरं वाटलं.

त्याच दिवसांत मी फुताबायामा सादाजीबद्दल वाचलं. सुमोमधला सर्वोच्च किताब म्हणजे योकोझुना. फुताबायामा पस्तिसावा योकोझुना. जन्म १९१२ चा, जपानच्या ओइता प्रांतातला. लहानपणीच्या इजेमुळे उजव्या डोळ्याने त्याला जवळजवळ दिसत नव्हतं, आणि ही गोष्ट त्याने निवृत्त होईपर्यंत लपवून ठेवली. जानेवारी १९३६ मध्ये सुरू झालेली त्याची विजयमालिका तीन वर्षं चालली. तेव्हा वर्षाला दोनच मोठ्या स्पर्धा व्हायच्या. त्यातल्या सलग पाच त्याने एकही कुस्ती न हरता जिंकल्या. सलग ६९ विजय. हा विक्रम आजही कायम आहे. २०१० मध्ये हाकुहो ६३ पर्यंत पोचला आणि तिथेच थांबला.

१५ जानेवारी १९३९ ला, स्पर्धेच्या चौथ्या दिवशी, समोर आकिनोउमी नावाचा तरुण मल्ल होता. त्याच्या तालमीतल्यांनी फुताबायामाचा खेळ बारकाईने अभ्यासला होता आणि त्याच्या उजव्या पायावर हल्ला करायचं ठरवलं होतं. आकिनोउमीने बाहेरून पाय अडकवला आणि फुताबायामा पडला. सभागृहात हलकल्लोळ झाला. लोकांनी बसायच्या गाद्या हवेत फेकल्या. तो मात्र उठला, नेहमीसारखा झुकून नमस्कार केला आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता निघून गेला, असं सांगतात.

त्यानंतर त्याने एक तार पाठवली. मजकूर साधारण असा: मी अजून लाकडी कोंबडा झालो नाही.

ही लाकडी कोंबड्याची गोष्ट मूळची चिनी तत्त्वज्ञ च्वांग त्सूच्या ग्रंथातली. यासुओका मासाहिरो या विद्वानाने ती फुताबायामाला सांगितली होती. एक माणूस राजासाठी झुंजीचा कोंबडा तयार करत असतो. दहा दिवसांनी राजा विचारतो, झाला का तयार? उत्तर येतं, नाही, अजून गुर्मी आहे. आणखी दहा दिवसांनी, नाही, दुसऱ्याची चाहूल लागली की अजून उसळतो. पुन्हा दहा दिवसांनी, नाही, अजून नजरेत राग आहे. चाळिसाव्या दिवशी तो म्हणतो, आता झाला. दुसरे कोंबडे आरवले तरी हा हलत नाही, लाकडाचा वाटतो. त्याला बघूनच बाकीचे पळतात.

आपल्याकडे गीतेतला स्थितप्रज्ञ लहानपणापासून कानावर पडतो, त्यामुळे हे चित्र परकं वाटत नाही. मला अडवलं ते त्या तारेने. त्या दिवशी हजारो लोकांनी जे पाहिलं, तो लाकडी कोंबडाच होता की! पडला, झुकला, गेला. गप्प राहिला असता तर त्याची स्थितप्रज्ञ म्हणून आरती झाली असती. आत काहीतरी हललं होतं, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. आणि त्याने ते लेखी कळवलं.

मग प्रश्न असा पडतो: हरल्यावर न हलणं मोठं, की हललो हे कबूल करणं? मला आधी वाटायचं, पहिलं. आता वाटतं, दुसऱ्याशिवाय पहिलं नुसता देखावा आहे. गोष्टीतला तो माणूससुद्धा तीन वेळा राजाला 'नाही, अजून नाही' म्हणतो. पहिल्याच दिवशी 'झाला' म्हणाला असता, तर कोंबडा तयारच झाला नसता.

पण यातून एक सोयीची गोष्ट रचायची नाहीये. त्या पराभवानंतरच्या दोन्ही दिवशी फुताबायामा पुन्हा हरला. मे महिन्यात मात्र पंधराच्या पंधरा कुस्त्या जिंकून परत आला. १९४५ मध्ये निवृत्त झाला. युद्धात देश उद्ध्वस्त झालेला, स्वतःची कारकीर्द संपलेली. अशा वेळी तो जिकोसोन म्हणवणाऱ्या एका बाईंच्या पंथात गेला. जानेवारी १९४७ मध्ये कानाझावा इथे पोलीस आले तेव्हा तो त्यांच्याशी झटापट करून अटक झाला. एवढ्या संयमाचा माणूस, आणि हे! म्हणजे तार पाठवून आठ वर्षं झाली तरी तो लाकडाचा झाला नव्हताच. कदाचित आतली पोकळी सोसेना, म्हणून ती स्थिरता त्याने दुसऱ्या कुणाकडून आयती घेऊ पाहिली. पुढे तो त्यातून बाहेर पडला, १९५७ मध्ये सुमो संघटनेचा प्रमुख झाला आणि १९६८ मध्ये वारला.

मला त्याच्या ६९ विजयांपेक्षा तारेतला 'अजून' हा शब्द जास्त जवळचा वाटतो. त्यात रडगाणं नाही, आणि मी असाच आहे म्हणून सोडून देणंही नाही. हरलो याचं दुःख आहे, आणि या दुःखाने इतकं हलायला नको होतं, ही जाणीवही आहे. दोन्ही एकाच वाक्यात.

आठवड्याभराने मी आईला पुन्हा फोन केला. म्हटलं, "त्या दिवशी खोटं बोललो. खूप लागलंय." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "जेवलास का?"