गणित, गोळी आणि पट्टी

आमची शाळा उर्दू माध्यमाची, यंत्रमागांच्या वस्तीतली. शाळेतल्या एका खोलीत काही जुने संगणक आहेत. दुसरीच्या मुलांचे पाढे पक्के व्हावेत म्हणून त्यांच्यावर आम्ही 'टक्समॅथ' नावाचा मोफत मिळणारा खेळ लावतो. एके दिवशी मुलाला न्यायला आलेली एक आई त्या खोलीच्या दारातच थबकली. पडद्यावर आगीचे गोळे कोसळत होते, खालून किरण सुटत होते, स्फोटाचे आवाज येत होते आणि तिचा सात वर्षांचा मुलगा आनंदाने ओरडत होता, "मार दिया! मार दिया!"

शाळा सुटल्यावर ती म्हणाली, "सर, आप बच्चों को हिसाब सिखाते हैं या लढाई? घर में ये छोटी बहन पर हाथ उठाता है. यहीं से सीखा होगा."

"आपा, तो नुसता गणिताचा खेळ आहे," असे आम्ही घाईने सांगून टाकले. त्यांचे समाधान झाले नाही. पुढे विचार करू लागलो तेव्हा आमचेही राहिले नाही.

हा खेळ असा आहे. वरून धूमकेतू पडतात. प्रत्येकावर एक उदाहरण असते, समजा सात गुणिले आठ. मुलाने छप्पन्न टंकले की तोफेतून किरण सुटतो आणि धूमकेतू फुटतो. उत्तर चुकले किंवा उशीर झाला की तो खाली पेंग्विनांच्या बर्फाच्या घरावर आदळतो. या खेळाचा पूर्वज म्हणजे 1980 साली अटारी कंपनीने काढलेला 'मिसाइल कमांड'. तो शीतयुद्धाचा काळ होता. त्या खेळात शत्रूची क्षेपणास्त्रे सहा शहरांवर येत आणि खेळणारा कितीही तरबेज असला तरी शेवटी शहरे बेचिराख होत. टक्समॅथच्या सुरुवातीच्या आवृत्तीतही खाली शहरेच होती; पुढे त्यांच्या जागी पेंग्विनांची घरे आली. क्षेपणास्त्राचा धूमकेतू झाला, शहराचे बर्फाचे घर झाले. सांगाडा मात्र तोच राहिला: वरून संकट येते आणि ते उडवायचे असते.

मग आपांची शंका खोटी कशी म्हणावी? उर्दूत आपण तालीम आणि तरबियत असे दोन शब्द वापरतो. तालीम म्हणजे शिकवणे, तरबियत म्हणजे घडवणे. छप्पन्न हे उत्तर तालीम झाली. पण ते उत्तर येताच काहीतरी फुटते आणि त्या फुटण्याचाच आनंद होतो, ही सवय तरबियतीच्या खात्यात जाते. सेगा कंपनीच्या 1999 सालच्या 'टायपिंग ऑफ द डेड' या खेळात तर अंगावर चालून येणाऱ्या मुडद्यांवर शब्द लिहिलेले असतात. शब्द अचूक टंकला की मुडद्याला गोळी लागते. तो खेळ मोठ्यांसाठी होता, हे खरे. पण विद्येला हत्यार करण्याची कल्पना दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की एकात दगड फुटतो आणि दुसऱ्यात माणसासारखे दिसणारे शरीर. हा फरक लहान नाही. दगडापासून कुणाचे घर वाचवणे आणि समोरच्याला मारणे यांत नीयतीचे अंतर आहे, आणि सात वर्षांच्या मुलालाही ते समजावून सांगता येते.

अभ्यासकांचे म्हणणेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2020 साली या विषयावरचा आपला ठराव सुधारला. हिंसक खेळांमुळे मुले प्रत्यक्ष हिंसाचार करतात असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही; मात्र ओरडणे, ढकलणे अशा आक्रमक वागण्याशी या खेळांचा लहानसा पण खात्रीचा संबंध दिसतो, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे 'मुले बिघडली' असा डांगोरा पिटणारे पूर्ण बरोबर नाहीत आणि 'काही होत नाही' म्हणणारेही नाहीत. अमेरिकेत 1994 पासून आणि युरोपात 2003 पासून खेळांवर कोणत्या वयासाठी ते सांगणारे शिक्के मारले जातात. शिक्का रक्त, मारामारी, शिवीगाळ पाहतो. मूल चुकले तर त्याला काय वाटते, हे शिक्क्यावर लिहिलेले नसते.

पुढच्या आठवड्यात आम्ही आपांना पुन्हा बोलावले आणि विचारले, "मुलगा बहिणीला मारतो म्हणजे नेमके काय करतो?" त्या म्हणाल्या, "तिला समोर बसवतो. पाढे विचारतो. चुकली की हात पुढे करायला लावतो आणि पट्टी मारतो."

आम्ही गप्प झालो. टक्समॅथमध्ये पट्टी नाही. चुकलेल्याला हात पुढे करायला तिथे कुणी सांगत नाही. तो मुलगा धूमकेतूचा खेळ खेळत नव्हता, तो शाळा-शाळा खेळत होता. आणि त्या खेळातले सर आम्ही होतो.

बी.एड.ला असताना अल्बर्ट बांडुरा यांचा प्रयोग आम्ही गुणांसाठी पाठ केला होता. 1961 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली 72 मुले त्यात घेतली होती. काहींच्या समोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला बदडले. पुढे ती मुले बाहुलीपाशी आली तेव्हा पुष्कळांनी तसेच केले. तेच फटके, तेच शब्द. शिकवणारा पडद्यावर नव्हता, त्याच खोलीत जिवंत बसलेला होता. परीक्षेत हे उत्तर आम्ही बरोबर लिहिले होते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई करते, हेही आम्हाला ठाऊक होते. तरी टेबलावर पट्टी होती. 'जोरात मारत नाही,' असे आम्ही स्वतःला सांगत होतो.

आमच्या एकट्याच्याच माथी हे मारू नये. पहिलीत नाव घालताना आजही एखादे अब्बा हसत म्हणतात, "सर, गोश्त आपका, हड्डी हमारी." मूल स्वाधीन केले, हवे तसे ठोका, हाड तेवढे मोडू नका! हे आपल्याला प्रेमाचे, उस्तादाच्या अदबीचे बोलणे वाटते. पण ज्या परंपरेच्या नावाने आपण हे बोलतो तिच्यातच इब्न खल्दून होऊन गेले. 1377 साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त त्यांनी विद्यार्थ्यांशी कठोर वागण्याने त्यांचे नुकसान होते, यावर एक स्वतंत्र प्रकरण घातले आहे. धाकात वाढलेले मूल उत्साह गमावते आणि शिक्षा चुकवण्यासाठी खोटे बोलायला, कपट करायला शिकते, असे ते सांगतात. साडेसहाशे वर्षे होत आली. आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो आणि पट्टी टेबलावरच ठेवतो.

म्हणून खेळ निर्दोष ठरतो का? नाही. खेळातला धडाका आणि वर्गातली पट्टी एकाच समजुतीवर उभे आहेत: भीती किंवा मारामारी घातल्याशिवाय मूल शिकणार नाही. पडद्यावरची ती समजूत आपल्याला दिसते, कारण ती नवी आणि परकी आहे. हातातली दिसत नाही, कारण ती आपल्या वडिलांच्याही हातात होती.

मग पालकांनी पाहायचे काय? आम्हाला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. खेळात मार कोणाला बसतो, दगडाला की देहाला? उत्तर चुकले तर मुलाला पुन्हा विचार करायला सवड मिळते, की लगेच काहीतरी उद्ध्वस्त होते? आणि मूल खेळत असताना शेजारी कोण बसले आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. मोबाइल हातात देऊन स्वयंपाकाला लागलेल्या आईला किंवा रात्रपाळी करून झोपलेल्या बापाला तो विचारताना आमचीही जीभ अडखळते. पण शाळेत तरी आम्ही शेजारी बसू शकतो.

टक्समॅथ आम्ही बंद केला नाही. वेग कमी केला, आवाज बंद केला. दोन मुलांना एकत्र बसवतो, एक अडला की दुसरा सुचवतो. पट्टी आता रेघा मारण्यापुरती कपाटात असते. बहिणीला मारणे थांबले का, असे आपांना विचारले. त्या म्हणाल्या, "कम हुआ है, सर. बंद नहीं हुआ."

तो मुलगा आता तिसरीत आहे. पाढा म्हणताना चुकला की तो अजूनही आधी आमच्या हाताकडे बघतो, मग फळ्याकडे.