लाख तांदळांचा हिशेब

लोधिवली हे खालापूर तालुक्यातले, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचे गाव. जवळच पाताळगंगा-रसायनीचा कारखान्यांचा पट्टा. महिन्याचे टार्गेट, पाळीचे प्रॉडक्शन, फाटकापाशी अपघाताविना गेलेले दिवस मोजणारा फलक: आकडा ठरवून, तारीख गाठून काम करण्याची रीत या भागाच्या अंगवळणी पडली आहे. आता ती कारखान्याबाहेरही आली आहे. दहावीला इतके टक्के, सहा महिन्यांत इतके किलो कमी, पोलीस भरतीला १६०० मीटर इतक्या मिनिटांत. ध्येय म्हणजे असेच काहीतरी, हे आज इतके गृहीत धरले जाते की ही कल्पना फार जुनी नाही, हे सांगूनही पटत नाही.

शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोदे गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. त्यांचे आजोबा शंभुराव चांद्रायण करत. चंद्राच्या कलेबरोबर रोज एक घास वाढवायचा, पौर्णिमेनंतर एकेक कमी करायचा. आई रुक्मिणीबाईंनी एकदा देवाला लाख तांदूळ वाहायचे ठरवले. त्या रोज एकेक दाणा मोजून वाहत. वडील कापडाच्या रंगांचे प्रयोग करणारे, शास्त्रीय वळणाचे गृहस्थ. त्यांनी सुचवले, तोळाभर तांदूळ घे, त्यात दाणे किती ते मोज, आणि त्या हिशेबाने लाखभर तोलून टाक. कमी पडायला नको म्हणून वर अर्धा तोळा घाल. आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी तिने विन्याला, म्हणजे विनोबांना, विचारले. तो म्हणाला, हे गणित नव्हे. एकेक दाणा मोजताना मन देवापाशी राहते, म्हणून मोजायचे. ही आठवण विनोबांनीच सांगून ठेवली आहे.

गंमत अशी, की वडिलांचेही चुकले नव्हते. लाख हा आकडा गाठायचा असेल तर तराजू केव्हाही बरा.

जुन्या व्रतांत आकडे होतेच. सोळा सोमवार, एकवीस मोदक, शेवटी उद्यापन. पण आकडा माणसाच्या स्वतःच्या वागण्याला लावलेला असे, फळाला नाही. पावसावर भात पिकवणाऱ्या मुलखात ‘यंदा इतक्या खंडी पिकवीन’ असा नवस कोण बोलणार? पीक हातातले नव्हते. उपवास हातातला होता. वारकरीही पंढरीची वारी चुकवणार नाही एवढेच म्हणतो.

फळालाच आकडा आणि तारीख चिकटवली ती परीक्षेने. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांपुढेही असे काही आले, जे ठरावीक दिवशी मिळणार होते किंवा हुकणार होते. मुरूडचे धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला न बसताच परतले. पुढे १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभारणारे कर्वे हेच. त्याच १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीच्या वाटेला लागले. प्रमाणपत्रे त्यांनी आधीच चुलीत घातली होती. परीक्षा नावाच्या नव्या देवाला एकाने असे भजले, तर दुसऱ्याने असे नाकारले.

विसाव्या शतकाच्या मध्यावर कारखान्यांनी या कल्पनेला शास्त्राचे रूप दिले. पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची मांडणी केली. एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये दाखवले, की ‘जमेल तेवढे करा’ म्हणण्यापेक्षा नेमके आणि अवघड लक्ष्य दिले तर माणूस जास्त काम करतो. गॅरी लॅथम आणि जेम्स बाल्डेस यांचा १९७५ चा प्रयोग लोधिवलीतल्या कुठल्याही ट्रकवाल्याला कळेल असा आहे. अमेरिकेतले लाकूडवाहू ट्रक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या ६० टक्क्यांच्या आसपासच भरले जात. ९४ टक्क्यांचे लक्ष्य दिले आणि काही महिन्यांत भरणा नव्वदच्या घरात गेला. जादा पैसा नाही, नवे यंत्र नाही, नुसता आकडा. पाताळगंगेचा रिलायन्सचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला तो याच काळात. जुलै १९८९ च्या पुरात बुडालेला कारखाना तज्ज्ञांच्या अंदाजाच्या कितीतरी आधी पुन्हा चालू झाला, ही कंपनीच्या इतिहासातली अभिमानाने सांगितली जाणारी गोष्ट आहे.

पण आकडा कामाला जुंपतो तसा फसवतोही. अमेरिकेतल्या सीअर्स कंपनीने गॅरेजमधल्या कामगारांना तासाला १४७ डॉलरच्या धंद्याचे लक्ष्य दिले. कामगार गरज नसलेल्या दुरुस्त्या गिऱ्हाइकाच्या माथी मारू लागले.

आणि आकडा गाठला नाही तर? याचे मोठे उदाहरण पुन्हा गागोद्याच्याच माणसाचे. एप्रिल १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत १०० एकर दान मिळाले आणि भूदान सुरू झाले. मग विनोबांनीही आकडा लावला: १९५७ पर्यंत पाच कोटी एकर. मिळाले चाळीस लाखांच्या थोडे वर. त्यातली बरीच जमीन पडीक किंवा वादातली निघाली, वाटप झाले ते थोड्या भागाचेच. कारखान्याच्या मापाने हे अपयश, आणि ते तसे म्हणायला हरकत नसावी. तरी १९५७ सरले म्हणून जमीन मागत गावोगाव चालणे थांबले नाही. पहाटे उठून पुढच्या गावाकडे निघायचे, हा क्रम १९६४ पर्यंत टिकला. लक्ष्य हुकले, नेम हुकला नाही.

मानसशास्त्रही पुढे या नेमाकडे वळले. पीटर गोल्विट्झर यांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक टिपण लिहायला सांगितले. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी ठरवलेल्यांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांनी ते लिहिले. बाकीच्यांत जेमतेम तिसरा हिस्सा. २१ दिवसांत सवय लागते, ही लोकप्रिय समजूतही टिकली नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांचा अभ्यास केला. सवय जडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे दिसले, पण माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरला. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवयीत फारसे बिघडत नाही, हेही त्यात आढळले.

तेव्हा सकाळी पळायला जायचा बेत ज्यांनी चार दिवस बुडाला म्हणून सोडून दिला असेल, त्यांनी पाडव्याची वाट न पाहता उद्याची वेळ आणि रस्ता आज रात्रीच ठरवावा.