एक तारा की अनेक?



मागच्या सणानंतर आम्ही या पत्रकात आभाराच्या चार ओळी छापल्या होत्या. सणाचा भार उचलणाऱ्या एका गृहस्थांचे नाव त्यात ठळक अक्षरांत होते. पुढच्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर एका मावशींनी आम्हाला थांबवले. "आमचं राहू द्या हो, पण मांडवासाठी रात्रभर जागलेल्या पोरांचं नाव घ्यायला हवं होतं," एवढेच त्या बोलल्या. त्या स्वतः तीन दिवस मागच्या अंगणात भांडी घासत होत्या. त्यांचे नाव तर आमच्या मनातही आले नव्हते.

तेव्हापासून एक प्रश्न आम्हाला सोडत नाही. मोठे काम झाले की त्यामागे आपल्याला एकच मोठा माणूस का दिसतो? आणि श्रेय अनेकांत वाटले, तर त्या एकाचे मोठेपण कमी होते का? या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला आकाशातील एका घटनेची मदत झाली. ती आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

दक्षिणेच्या आकाशात ढगाच्या पुंजक्यासारखी एक छोटी दीर्घिका दिसते. तिला मोठा मॅगेलनी मेघ म्हणतात. आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दीर्घिकांपैकी ती एक. तरी तिच्यापासून निघालेल्या प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला सुमारे १ लाख ६० हजार वर्षे लागतात. महाराष्ट्रातून ती जवळजवळ क्षितिजालाच टेकलेली असते, म्हणून आपल्याला दिसत नाही. जहाजावर नोकरी केलेल्या आपल्या बांधवांनी विषुववृत्तापलीकडे ती कदाचित पाहिली असेल.

तिचे नावच विचार करायला लावते. दक्षिणेकडचे लोक हा मेघ पूर्वापार पाहत आले होते, पण नाव मिळाले ते फर्डिनंड मॅगेलन या कप्तानाचे. १५१९ मध्ये पाच जहाजे घेऊन तो निघाला आणि १५२१ मध्ये फिलिपाईन्समध्ये मारला गेला. १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून एकच जहाज स्पेनला परतले, त्यावर अठरा खलाशी होते. त्या अठरा जणांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

या मेघात टॅरंटुला नावाचा प्रचंड तेजोमेघ आहे. वायू आणि धूळ यांचा हा पसारा म्हणजे ताऱ्यांचे जन्मस्थान. तो मृग नक्षत्रातील तेजोमेघाइतका जवळ असता, तर त्याच्या प्रकाशात रात्री आपल्या सावल्या पडल्या असत्या. दुरून मात्र तो एखाद्या ताऱ्यासारखा दिसतो. म्हणून त्याला ताऱ्याला द्यावा तसा '३० डोराडस' असा क्रमांक मिळाला आणि तो आजही चालतो.

तो तारा नसून धूसर मेघ आहे, याची नोंद १७५१ च्या सुमारास आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून निकोला लुई द लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने केली. ते धर्मशास्त्र शिकलेले, डीकनपदापर्यंत पोहोचलेले गृहस्थ होते. दक्षिणेच्या आकाशातील सुमारे दहा हजार ताऱ्यांची स्थाने त्यांनी मोजली आणि चौदा नवीन तारकासमूहांना नावे दिली. ती राजांची किंवा वीरांची नव्हती. छिन्नी, भट्टी, गुण्या, घड्याळ, दुर्बीण अशी बहुतेक नावे कामाच्या साधनांची होती. आकाशात मोठ्यांचीच नावे कोरण्याची रीत असताना या माणसाला कारागिराचे हत्यार आठवले!

टॅरंटुलाच्या मध्यभागी एक अतिशय तेजस्वी ठिपका आहे. त्याचे नाव 'आर १३६'. १९८० च्या सुमारास काही शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की हा एकच तारा असावा आणि त्याचे वस्तुमान सूर्याच्या हजार ते अडीच हजार पट असावे. एवढा प्रकाश देणारा कोणी एक महाकाय असणारच, असे वाटणे स्वाभाविक होते. पण १९८५ मध्ये गेर्ड वायगेल्ट आणि गेरहार्ट बायर या जर्मन शास्त्रज्ञांनी वातावरणाची थरथर वगळून पाहण्याची पद्धत वापरली. तेव्हा ठिपक्याच्या गाभ्यातच निदान आठ तारे वेगळे झाले. पुढे हबल दुर्बिणीने तिथे ताऱ्यांचा अख्खा थवाच दाखवला. हे तारे अवघे दहा-वीस लाख वर्षांचे आहेत. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा आहे.

त्या थव्यातील सर्वांत मोठ्या ताऱ्याचे वस्तुमान २०१० मध्ये सूर्याच्या अडीचशे पटींहून अधिक मानले गेले. २०२२ मध्ये चिलीमधील जेमिनाय दुर्बिणीने अधिक स्पष्ट पाहिले आणि तो आकडा सुमारे दोनशेवर आला. त्याच वर्षी, २०२१ च्या नाताळच्या दिवशी अवकाशात सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने धुळीआड दडलेले हजारो नवे तारे उघड केले. नजर जसजशी स्वच्छ होत गेली, तसतसा 'एक' लहान होत गेला आणि 'अनेक' पुढे आले.

पण म्हणून तो तारा खोटा ठरला का? मुळीच नाही. दोनशे सूर्यांचे वस्तुमान ही लहानसहान गोष्ट नव्हे. त्याचे खरे मोठेपण त्याच्याकडेच राहिले. इतरांचा जो प्रकाश त्याच्या नावावर जमा झाला होता, तेवढाच परत गेला. आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. इतरांची नावे घेतल्याने सणाचा भार उचलणाऱ्या त्या गृहस्थांचे काही जाणार नव्हते. योग्य श्रेय देणे म्हणजे कुणाला कमी लेखणे नव्हे.

उरलेले अर्धे उत्तर अवघड आहे. या महाकाय ताऱ्यांचे तीव्र किरण आणि वारे भोवतालचा वायू दूर लोटतात. ज्या वायूतून आणखी तारे जन्मले असते, तो विखुरला जातो. काही ठिकाणी मात्र तोच वायू दाबला जाऊन घट्ट होतो आणि त्यातून नवे तारे जन्म घेतात. मोठ्यांच्या शेजारी राहणाऱ्यांचे असेच होते. कुणी झाकोळून जातो, तर कुणी उभा राहतो. एका कर्तबगार माणसामुळे संस्था उभी राहते आणि त्याच्याचमुळे दुसऱ्या फळीला वाव मिळत नाही, हे आपण पाहिलेले आहे.

इथे मात्र ताऱ्याची आणि आपली वाट वेगळी होते. शेजाऱ्याला विझवायचे की घडवायचे, हे तारा ठरवत नाही. आपण ठरवू शकतो. म्हणून ताऱ्यावर दोष येत नाही, आपल्यावर येतो. ज्याच्याकडे तेज आहे त्याने थोडे बाजूला सरकावे, आणि जे दुरून पाहतात त्यांनी जवळ जाऊन पाहावे, ही दोन्ही कर्तव्ये माणसाचीच आहेत. शास्त्रज्ञांना त्यासाठी नव्या दुर्बिणी बांधाव्या लागल्या. आपल्याला चर्चच्या मागच्या अंगणापर्यंत चालत जावे लागेल, एवढेच.

मांडवासाठी जागलेल्या त्या मुलांची क्षमा आम्ही या पानावरून मागतो, आणि मावशींचीही. पुढच्या सणाला आभाराची यादी लिहायला बसण्याआधी आम्ही मागच्या अंगणात जाऊन येऊ. तरीही कुणाचे नाव राहिले, तर पायऱ्यांवर आम्हाला जरूर थांबवा.